हिराचं माप

पूर्णगडच्या खारवीवाडीतली येसूबाई कुणाच्या बापाला भीत नसे. मासळीचे दलालसुद्धा तिच्या तोंडाला लागत नसत. पण ती आपल्या पायांना भ्यायची. थोरल्या बहिणीचा, सावित्रीचा पाय शुगरने नेला होता. चपलेचा एवढासा घाव, तो चिघळला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. आता येसूबाईलाही शुगर निघाली, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेही बूट घालून.

मुंबईच्या लेकाने, सर्वेशने, फोनवर नंबर विचारला. जन्मात बूट न घातलेल्या बाईला कसला आलाय नंबर! तिने माडाचा हीर, म्हणजे झाडूतली लांब काडी, घेतला, सकाळी बसल्या जागी डाव्या पावलाला लावून टाच ते अंगठा नेमका मोडला, आणि मुंबईला निघालेल्या शेजारच्या रामाबरोबर धाडला. सर्वेशही आईचाच. दुकानात त्याने हीर बुटात घातला, टोकाला टोक टेकलं, आणि चांगले महागातले पळायचे बूट पाठवले.

बूट कुठे चावत नव्हते. येसूबाई खूष होऊन रोज खाडीपर्यंत जाऊन येई. एका सकाळी परत येऊन उजवा मोजा काढला तर तो लाल, ओला. अंगठा पुढून सोलवटला होता.  रक्ताचं तिला काही नव्हतं, ते ती रोज मासळी कापताना कोयत्यावर बघायची. पण एवढं होऊन तिला कळलंच नव्हतं. सावित्रीही हेच म्हणाली होती, "काय सुदिक दुखत नाय गो."

ती तशीच अनवाणी निघाली, मग भ्याली आणि जुनी चप्पल घालून उपकेंद्रात गेली.

नर्स आरोहीने बूट बघितला. "काकी, बोटांपुढे अंगठाभर जागा लागते. चालताना पाय पुढे सरकतो, दिवसभरात सुजतो. माप उभं राहून घ्यायचं, दोन्ही पायांचं. तुमचा उजवा मोठा आहे."

"ता ऱ्हाऊ दे. माजा पाय जानार काय, ता सांग."

 आरोहीने औषधाचा बोळा जखमेवर टेकवला. येसूबाई डोळे घट्ट मिटून दुखण्याची वाट बघत राहिली. काही नाही. बोळा थोडा सरकला. तरी काही नाही. तिला सावित्रीचं दुमडून खोचलेलं लुगडं दिसायला लागलं, आणि तिने खाटेची कड धरली.

बोळा जखमेच्या मागल्या कडेला लागला.

"आई गो!"

"दुखलं, काकी?"

"दुखला!" येसूबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "दुखला गो बाये! आजून एकदा लाव."