हळदी-कुंकवाची बदकं

दौंडजवळ भीमेकाठी तात्याबांची वस्ती. त्यांच्या आजोबांनी पांगाऱ्याच्या लाकडाची बदकं कोरली होती. पुण्याचे शिकारी ती पाण्यात सोडायचे. वरून जाणारी खरी बदकं त्यांना बघून खाली उतरायची आणि बंदुकीच्या टप्प्यात यायची. शिकार बंद झाली तशी लाकडी बदकं माळ्यावर गेली.

तात्याबांची बायको नकुशी थंडीत रोज सकाळी काठावर जाऊन बसायची. पिवळ्या टोकाची चोच आणि तिच्या मुळाशी तांबडे ठिपके, अशी हळदी-कुंकू बदकं तिच्या जिवाची. "सवाशिणी आल्या बघा," म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात नकुशी वारली. हिवाळ्यात बदकं आली, पण पार पलीकडच्या काठाला बसली. तात्याबांनी माळ्यावरची बदकं काढून घासली, रंगवली. आता रंगाला पाणी लागू नये म्हणून वरून काहीतरी हवं होतं. दौंडात तहमीनाचं रंगाचं दुकान होतं. तिनं बोटीचं व्हार्निश दिलं.

सकाळच्या उन्हात लाकडी बदकं आरशासारखी लखलखली. थवा आला, घिरटी घालून निघून गेला. रोज तेच. तात्याबा एक लाकडी बदक घेऊन पुन्हा दुकानात गेले.

"आबा, खऱ्या पाखराचं अंग असं चमकतं व्हय?" तहमीनानं विचारलं.

"न्हाई. मऊ दिसतं."

"मंग मॅट न्या, बिनचमकीचं. पाण्याच्या बेसचं घ्या, तेलाचं पुढं पिवळं पडतं. आधीची चकाकी बारीक पॉलिश पेपरनं मारा, मंग पातळ हात द्या." डबा पुढं करताना ती थांबली. "शिकारीला न्हाई ना?"

"न्हाई गं. आमच्या हिला आवडायची बदकं."

तहमीनानं डबा त्यांच्या हातात दिला.

नवा हात वाळल्यावर बदकं अगदी फिकी दिसली. तात्याबांचं मन खट्टू झालं. तरी त्यांनी ती पाण्यात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडी घिरट्या घालत आली, पाय पुढं करून पाण्यावर उतरली आणि लाकडी बदकाशेजारी निवांत पंख साफ करत बसली. चोचीवरचे तांबडे ठिपके काठावरून स्पष्ट दिसत होते.

बदकं आली की जीव हलका होईल, असं तात्याबांना वाटलं होतं. तसं झालं नाही. नकुशी उलट जास्तच आठवली. ती असती तर काय काय बोलली असती, ते सगळं कानात येत राहिलं. जोडी उडून गेली तरी ते बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र उजाडायच्या आतच ते काठावर जाऊन बसले.