बोडक्या डोंगराखालचं घर

व्हॅल्डा पर्टन जन्मली तेव्हा टास्मानियातल्या त्या तांब्याच्या खाणीच्या गावाभोवतीच्या डोंगरांवर गवताची काडीही नव्हती. झाडं तांबं वितळवायच्या भट्टीत गेली होती, उरलीसुरली भट्टीच्या धुरानं जाळली होती. तिचे वडील त्याच भट्टीवर राबले. पावसानं माती धुऊन नेल्यावर उघडा पडलेला गुलाबी खडक, एवढाच डोंगर तिला ठाऊक.

पुढे खाण बंद पडली, माणसं पांगली, आणि तो खडक बघायला प्रवासी येऊ लागले. पण धूर थांबल्यानं डोंगरावर रोपंही उगवू लागली. गावच्या वारसा समितीनं सभा घेतली. सगळं हिरवं झालं तर आपल्या बापजाद्यांचे कष्ट कुणाला दिसणार, असं म्हणत व्हॅल्डानंच पहिला हात वर केला. तिच्या घरामागचा उतार बोडका ठेवायचं ठरलं. रोपं उपटायचं काम तिलाच मिळालं.

नवरा गेला, गुडघे कुरकुरू लागले. मुलगी नेरिडा होबार्ट शहरात राहायला बोलावत होती. पण घर विकल्याशिवाय जाणार कशी? तेही वारसा समितीच्या हद्दीत, गळकी खिडकीसुद्धा बदलायची चोरी. गिऱ्हाइकं यायची, चहा पिऊन जायची. व्हॅल्डा पोतं घेऊन उतार चढायची. वर पाहावं तर खडक, खाली पाहावं तर आपलंच छप्पर.

एकदा उपटलेलं एक रोप तिनं पोत्यात न टाकता परसात लावलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. झाड छपराच्या वर गेलं तेव्हा समितीचा अध्यक्ष डेस्मंड आला. तो तिचा शाळासोबती. प्रवाशांच्या फोटोत झाड मधे येतं, म्हणाला, तोडावं लागेल.

“तूच तोड. कुऱ्हाड पडवीत आहे.”

“व्हॅल्डा, हात तूच वर केला होतास.”

“केला होता. तेव्हा वाटायचं, मी इथून कधीतरी जाईन.”

डेस्मंड पडवीपर्यंत गेला आणि रिकाम्या हातानं परतला. चहा प्यायला, टोपी घालून निघून गेला. पुढल्या आठवड्यात उताराचं काम दुसऱ्या बाईला दिल्याचं कळलं. झाडाचं मात्र कुणी पुन्हा नाव काढलं नाही.

घर अजून विकलेलं नाही. व्हॅल्डा सवयीनं पहाटेच उठते, बूट चढवते आणि मग कुठं जायचं ते न सुचून परसात बसून राहते.