गोंदणारणीचा प्रश्न

निजामाच्या अमलात डोंगरकडा गावच्या बाजाराला एक गोंदणारीण येई. आंध आदिवासींच्या वाडीत पोरगी न्हाती झाली, म्हणजे वयात आली, की तिचं कपाळ गोंदत; मग ती लग्नाला मोकळी. मी सुईण, म्हणून पोरीचे हात धरायला मला बोलावत.

सुया पुसता पुसता ती पोरीलाच विचारी, "न्हाती झालीस का गं?" आयांना बोलू देत नसे.

एकदा नऊ वर्षांच्या पोरीची आई मधेच म्हणाली, "झाली की. सोयरीक ठरली हाय."

"तुला न्हाई इचारलं, बाई."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिचे हात धरूनच ठेवले.

"लेकरूच हाय. मी न्हाई टोचणार," म्हणत गोंदणारणीनं सुया गुंडाळल्या.

त्या वाडीनं तिला पुन्हा बोलावलं नाही. पुढच्या बाजाराला आईनं दुसरी आणली. हात मीच धरले, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून.