बारावीचा गणिताचा तास

शाळेत विनुता वडिलांना 'सर' म्हणायची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून दोघं एकाच स्कूटरवर निघत. बारावीच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसे आणि अनिरुद्धराव फळ्यापाशी उभे राहत. त्यांच्याकडून गणित शिकायला पापनाशमहून मुलं येत.

त्या वर्षी ते सकाळीच प्यायला लागले. स्कूटर विनुता चालवू लागली.

एका सोमवारी उदाहरण अर्ध्यात सोडून ते फळ्याकडे बघतच राहिले. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"विनुता, ये. तू पुरं कर."

तिनं पुरं केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. दिवाळीपर्यंत रोजचा तास तीच घेऊ लागली आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसू लागले. पोरं चांगली होती, कुणी बाहेर बोललं नाही. ते तिला त्यांच्या हसण्यापेक्षा जड जाई.

"आई, मी उद्या जात नाही," ती एकदा म्हणाली.

नागलक्ष्मी भाताचं पातेलं उतरवत होती. "तू नाही गेलीस तर त्यांचं कसं होईल गे?"

मग ती वडिलांच्या पाया पडली. "अप्पा, आठवडाभर तरी नको." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली, हे तिला कळत होतं. बुधवारी स्कूटरवर मागून पुन्हा तोच वास आला.

पोंगलनंतर मुख्याध्यापक नटराज वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. तिच्या हातात खडू होता. त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"आज सरांना बरं नाही."

"पोरी, खरं सांग."

खरं सांगितलं तर अप्पांची नोकरी जाणार. खोटं सांगितलं तर ते उद्याही असेच येणार. तिला एकही शब्द फुटला नाही. नटराजांना तेवढं पुरलं.

निलंबनाचं पत्र घरी आलं, तेव्हा अनिरुद्धराव ओरडले नाहीत. "तू सांगितलंस?"

"मी काही बोलले नाही, अप्पा."

"काहीच बोलली नाहीस?"



बारावीच्या निकालात तिला गणिताला अठ्ठ्याण्णव पडले. त्यांनी गुणपत्रिका बराच वेळ न्याहाळली. "दोन कुठे सांडलेस?" म्हणत पूर्वीसारखे हसले. विनुताही हसली. मग चपला घालत ते म्हणाले, "आलोच." भर दुपारची वेळ होती, बाराला उघडणारं दारूचं दुकान नुकतंच उघडलं असणार.

आता ती तिरुचीला कॉलेजात आहे. मधल्या काळात दोनदा त्यांना उपचारांसाठी ठेवलं, दोन्ही वेळा ते महिन्याभरात पुन्हा प्यायला लागले. दर शुक्रवारी आईचा फोन येतो. "उद्या ये बाई. तू सांगितलंस तर ऐकतील."

दर शनिवारी ती बस धरते. त्यांनी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.