वरच्या गाड्या आणि खालच्या गाड्या

पनवेलच्या तहसील कचेरीसमोर मी गेली बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझी शाळा नववीत सुटली. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे मला स्मरत नाही. अशा माणसाच्या हातून एका दुपारी केवढी चूक होणार होती, ते सांगतो.

विचुंब्याची एक तिशीची बाई लॅपटॉप छातीशी धरून आली. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर वाहतूक कंपनीत ती रोजचा अहवाल तयार करी. वेळेत पोचलेल्या गाड्यांना निघालेल्या गाड्यांनी भागायचे आणि शेकडा प्रमाण साहेबांच्या पडद्यावर दाखवायचे, एवढे काम तिने सॉफ्टवेअरमध्ये रचलेले सूत्र करीत असे. त्या आठवड्याचे प्रमाण एकशे अठरा आले. निघाल्या त्याहून अधिक गाड्या पोचतील कशा? साहेबांनी आकडे फुगवल्याचा ठपका ठेवला. पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा उद्यापासून कामावर येऊ नये. तेव्हा अडीच वाजले होते.

आमच्या व्यवसायात खुलाशाचा साचा ठरलेला असतो. आधी कबुली, मग विनंती, शेवटी क्षमा. नमलेल्या माणसाला साहेब सहसा सोडतो. मी पाव तासात कागद पुरा केला आणि रीतीप्रमाणे मोठ्याने वाचू लागलो. ‘माझ्याकडून आकड्यांत फेरफार झाला’ ह्या वाक्यापाशी तिने मला थांबवले.

“काका, फेरफार मी केलाच नाही. ह्याच्यावर सही केली तर तुम्हीच मला घरी बसवाल.”

शेजारचा मुद्रांकविक्रेता ऐकत होता. “लेखणीवाले, आज गिऱ्हाईक तुमच्याहून हुशार आलंय,” तो म्हणाला.

मी कागद फाडला. चूक कोठे झाली ते सांगा, तेवढेच लिहितो, असे तिला म्हटले. तेच तर सापडत नाही, असे ती म्हणाली. दोन्ही आकडे तिने फाटकावरच्या नोंदवहीशी ताडून पाहिले होते. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही बरोबर. भागाकार केला की उत्तर बिघडे. बोलताना तिचे लक्ष सारखे घड्याळाकडे जात होते.

मी तिला दिवसवार तक्ता उघडायला लावला. रविवारच्या ओळीत आकड्याऐवजी आडवा पडलेला इंग्रजी आठ दिसला. विचारल्यावर तिने सांगितले की खाली, म्हणजे निघालेल्या गाड्यांच्या जागी, शून्य आले की यंत्र असे दाखवते. त्या दिवशी एकही गाडी निघाली नव्हती.

“आणि वर?”

“तीन.”

“रविवारी एकही निघालीच नाही, तर वेळेत पोचलेल्या तीन कोणत्या?”

मला माझी वही आठवली. अर्ज मी लिहिला त्या दिवशी नोंदतो, आणि तो मिळाल्याची कचेरीची पोच ती येईल त्या दिवशी. म्हणून एखाद्या महिन्यात अर्ज अकरा आणि पोचा चौदा भरतात. त्यातल्या काही पोचा मागच्या महिन्याच्या अर्जांच्या असतात. मी वही तिच्यापुढे उघडी केली.

तिने पान पाहिले आणि लॅपटॉप ओढून घेतला. वरची मोजणी पोचण्याच्या तारखेने चालली होती, खालची निघण्याच्या. मागच्या आठवड्यात निघालेल्या गाड्या ह्या आठवड्याच्या खात्यात वर बसल्या होत्या, रविवारच्या तीन त्यांतल्याच. तिने दोन्ही मोजण्या निघण्याच्या तारखेवर आणल्या. प्रमाण ब्याण्णव झाले. रविवारची ओळ रिकामी झाली, आणि तेच खरे होते.

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मी नवा कागद घेतला. ‘मूळ आकडे बदललेले नाहीत. दोन मोजण्यांच्या तारखा भिन्न असल्याने भागाकार चुकला. सूत्र मी रचले असून ते दुरुस्त केले आहे.’ क्षमा हा शब्द मी लिहिला नाही. हात मात्र दोनदा तिकडे वळला. सही करून ती रिक्षाकडे धावली.

पुढच्या सोमवारी ती कंपनीने खुलाशावर दिलेल्या पोचेची प्रत घेऊन आली. नोकरी टिकली होती. ती पोच मी सोमवारच्या पानावर नोंदवली नाही. मागे जाऊन तो खुलासा नोंदला होता त्याच ओळीत लिहिली. तेव्हापासून प्रत्येक पोच मी तशीच लिहितो.