दुसऱ्यांदा भरलेली काडतुसं

त्या शुक्रवारी तुमचा दुसरा फोन मी का घेतला नाही, ते सांगते. मस्कतच्या नेमबाजी क्लबात तुमच्या काकाचा सराव संपेपर्यंत मी रायफलची काडतुसं भरणाऱ्या माणसापाशी बसले होते. तो रत्नागिरीकडचा, साठीचा. नाव विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीच्या स्पर्धेतल्या एका मुलीसाठी तो वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरत होता. प्रत्येक पुंगळी उजेडात फिरवून बघायची, बंदुकीची दारू काट्यावर तोलायची, मग ओतायची.

तेवढ्यात तुमचा पहिला फोन वाजला. "नातवंडं आहेत," मी म्हटलं. त्याचा हात थबकला.

"बोला मावशी, नातवंडांशी निवांत बोला," तो हसून म्हणाला.

बोलून वळले, तर तो भरलेल्या सगळ्या पुंगळ्यांतली दारू डब्यात परत ओतत होता.

"अहो, हे काय?"

"हात कुठं थांबला, आठवत नाय. एकीत दोनदा पडली असली तर बंदूकच फुटायची."

"तेवढ्यासाठी सगळ्या?"

"मावशी, गोळी झाडताना ती पोरगी बंदुकीला गाल लावते."

त्याने पहिली पुंगळी पुन्हा उचलली. मी फोन बंद करून पर्समध्ये ठेवला. त्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. डोळ्यांपुढे तुमचेच गाल येत होते.