इंजिन निवेपर्यंत

जुना ट्रॅक्टर बघायला गेला की दादा आधी विकणाऱ्याकडे बघायचा नाही, रंगाकडे नाही, टायरकडेही नाही. सरळ जाऊन बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचा आणि थोडा वेळ तसाच उभा राहायचा. बॉनेट थंड लागलं तर मान हलवून म्हणायचा, "चलाओ." गरम लागलं तर हात काढून घ्यायचा, बसायला बाज किंवा ओटा कुठे आहे ते बघायचा आणि विकणाऱ्याला म्हणायचा, "मियाँ, चाय पिलाओ. जल्दी नक्को."

गिऱ्हाईक येणार असलं की विकणारे आधीच इंजिन चालवून ठेवतात. गरम इंजिन कसलंही असलं तरी पहिल्या सेल्फला सुरू होतं. झिजलेलं इंजिन ओळखू येतं ते थंड असताना. तेव्हा ते कण्हतं, पांढरा धूर सोडतं, दहादा सेल्फ मारायला लावतं. म्हणून दादा बसून राहायचा. विकणारा चुळबुळत म्हणायचा, "सर, कैकू बैठना? एक सेल्फ में चालू होता." दादा बशीत चहा ओतत म्हणायचा, "होता होंगा. उसकू भी जरा आराम करने दो."

मधुकर, माझा मोठा भाऊ, विमा कंपनीत सर्व्हेअर होता. ऑफिस हैदराबादेत, आबिड्सला, पण त्याची नोकरी खरी झाली ती गावोगावच्या खळ्यांत आणि गॅरेजांत. उलटलेले, जळालेले, खड्ड्यात गेलेले ट्रॅक्टर तपासून त्याने आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर लोक त्याच्या बरकतपुऱ्याच्या फ्लॅटवर यायला लागले. कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असे, आणि दादाने बघितल्याशिवाय घ्यायचा नसे. माझं तारनाक्याचं घर वाटेत पडत असेल तर तो मलाही गाडीत घालून न्यायचा. मी ग्रंथालयात काम केलेली, एकटी राहणारी बाई. सोबत पुस्तक असलं की मला कुठेही नेता येतं. विकणाऱ्यांना माझी ओळख करून देताना तो म्हणे, "ये मेरी बहन. इसका एक चैप्टर होने तक अपना इंजिन ठंडा होता."

ते खरंही होतं. कितीतरी पुस्तकं मी अशी कडुनिंबाखाली, कडब्याच्या गंजीला टेकून वाचली आहेत. मधून मधून मान वर करून बघायची. इंजिन निवलं आणि सुरू झालं की दादा ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून तिथे तळवा धरायचा. आतून धुराचे भपकारे आले की भुवया वर जायच्या. ऑइलची पट्टी बाहेर काढून तिचा वास घ्यायचा. ऑइल फिकट, गढूळ दिसलं तर मला हाक मारायचा, "शालू, ये, चहा झालाय बघ यात. पाणी शिरलंय." पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचा. ताजा रंग दिसला की मात्र त्याचा मूड जायचा. "पावडर लावलेल्याला काही विचारूच नये," म्हणायचा. पण माणसांना तो कधी टाकून बोलला नाही. नापसंत ट्रॅक्टरच्या मालकालाही निघताना नेमकी दुरुस्ती सांगायचा, आणि ते लोक त्याला गाडीपर्यंत सोडायला यायचे.

स्वतःचा ट्रॅक्टर त्याच्याकडे कधीच नव्हता. उदगीरकडची आमची जमीन आजोबांच्या पाठोपाठ वाटण्यांत गेली आणि बाबा हैदराबादला नोकरीला आले. पण दादा शाळेत असताना सुट्टीत गावी जायचा, तेव्हा शेजारच्या पाटलांकडे एक लाल, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर होता. त्याच्या मडगार्डवर बसून तो गाव हिंडला, त्यावरच चालवायला शिकला. त्या मॉडेलचा आवाज तो तोंडाने काढून दाखवायचा. ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला. कुणाच्या वाड्यात, चिंचेखाली तसला एखादा दिसला की तो आधी त्याच्या मडगार्डवरून हात फिरवून यायचा.

गेल्या वर्षी पोटदुखीचं निमित्त झालं आणि यकृताचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. घरी येऊन दादाने चप्पल काढली, पाणी प्यायला आणि वहिनीला म्हणाला, "इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी मुली बघितल्या. आता आपल्याकडे एक आणू या."

वहिनी डोळे पुसत होती. तरी म्हणाली, "सवत आणताय होय? आणि ठेवणार कुठे? बाल्कनीत?"

"तू हो तर म्हण. जागा बघतो."

"मी नाही म्हणून कधी काय थांबलंय तुमचं?"

त्याला तेच लाल मॉडेल हवं होतं, चालू स्थितीतलं. मरण्याआधी एकदा तरी आपल्या मालकीच्या ट्रॅक्टरवर बसायचं, एवढंच. आम्ही शोधाला लागलो. सिद्दीपेटकडे एक मिळाला, बॉनेट गरम होतं, आम्ही बसलो. निवल्यावर तो सुरूच झाला नाही. जनगावकडच्या एकाच्या इंजिनाचा ब्लॉक तडकून वेल्डिंगने झाळलेला होता. तिसऱ्याच्या इंजिनावरचा नंबर कानसून काढलेला, म्हणजे चोरीचा. दर वेळी गाडीतून उतरताना दादाला मागच्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली होती. पण ट्रॅक्टर नापसंत करताना त्याचा सूर तोच होता, आणि बाजेवर बसून चहा पिणंही तेच. एकदा मी घरी सोडायला गेले तेव्हा वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा त्यांना. हे असेच बघत बसले तर..."

मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? नीट बघू नकोस, असं?

शेवटचा ट्रॅक्टर घटकेसरच्या पुढे होता. यादगिरी नावाच्या शेतकऱ्याची पेरूची बाग, तिच्या कडेला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ते लाल मॉडेल. रंग मूळचा, उन्हाने विटलेला. दादा गाडीत बसूनच काचेतून बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरला.

यादगिरी खुशीत होता. "आवो सर, आवो अम्मा. एकदम सोना है. एक सेल्फ में चालू!"

दादाने बॉनेटवर तळहात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेडजवळच्या बाजेवर जाऊन बसले. यादगिरीला चहाचं सांगायला हवं, असं मनात आलं. दादा अजून तिथेच उभा होता, हात बॉनेटवर.

"चलाओ," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला कळलं नसावं. औषधांनी त्याच्या बोटांना मुंग्या येत होत्या. मी उठून जवळ गेले. "दादा, गरम आहे ना ते?"

"आहे."

"मग बसू या की. मी आणलंय वाचायला."

"नको शालू," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. "आज बसायला नको."

इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. तो आवाज शेडभर घुमला आणि दादाने डोळे मिटले. मग त्याने झाकण काढून तळवा धरला, पुढचं चाक हलवून बघितलं, ऑइलची पट्टी काढली. सगळं केलं, पण घरात शिरलेल्या पाहुण्याने भिंतीवरचे फोटो बघावेत तसं. सौदा तिथेच झाला. ट्रॅक्टर त्याच शेडमध्ये राहील, दादा हवा तेव्हा येऊन चालवील, असं ठरलं. यादगिरीला याचं नवल वाटलं, पण तो लगेच हो म्हणाला.

परतताना उप्पल आलं. तेव्हा तो म्हणाला, "सकाळी त्रास देणार ते. पिस्टनच्या रिंगा गेल्यात."

"कळलं होतं तर घेतलास कशाला?"

तो हसला. "मला आता सकाळची कुठे घाई आहे, गं?"

त्यानंतर काही संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. यादगिरी इंजिन तापवून ठेवायचा आणि दादा त्याला अडवायचा नाही. पेरूंच्या दोन रांगांमधून तो पहिल्या गिअरमध्ये जायचा आणि परत यायचा. एकदा वहिनीला मडगार्डवर बसवलं. ती ओरडत होती, "अहो, हळू! अहो, झाड!" आणि तो शाळकरी पोरासारखा हसत होता. पुढे क्लच दाबण्याइतका जोर पायात राहिला नाही. मग तो नुसता सीटवर बसायचा, इंजिन चालू ठेवून. श्रावण लागायच्या आधी तो गेला.

वहिनीने दोन महिने ट्रॅक्टरचं नाव काढलं नाही. मग एक दिवस फोन केला. "वन्सं, तेवढं विकायचं तुम्हीच बघा. माझ्याच्यानं तिथे जाववणार नाही."

गिऱ्हाईक भोनगीरचं होतं, एक तरुण, नम्र मुलगा. मी त्याच्याआधी पोचले. दादा नसताना त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. ट्रॅक्टर तसाच उभा, सीटवर दादाने आणून ठेवलेली निळी उशी. मी त्याच्यापाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. इतक्या वर्षांत एकदाही ठेवला नव्हता.

बॉनेट गरम होतं. दादा नुकताच उतरून पाणी प्यायला गेला असावा, तसं.

मागून यादगिरी म्हणाला, "अम्मा, मैं चला के रखा. अब एक सेल्फ में चालू होता."

त्याने भल्यासाठीच केलं होतं. तो मुलगा आला, त्याने ट्रॅक्टरभोवती फेरी मारली, चावीकडे बघितलं. मी म्हणाले, "बैठो बेटा. इंजिन गरम है. ठंडा होने के बाद देखना." यादगिरी माझ्याकडे बघतच राहिला. मग चहा सांगायला गेला.

ते दोघे बाजेवर बसले. मी बसले नाही. पुस्तक पिशवीत होतं, ते काढलं नाही. हात बॉनेटवर तसाच ठेवून उभी राहिले. ऊब हळूहळू जात होती, आधी कडांची, मग मधली. चहा आला, संपला. पेरूंच्या सावल्या शेडपर्यंत आल्या.

"हो गया क्या, अम्मा?" त्या मुलाने विचारलं.

बॉनेटचा पत्रा केव्हाच गार पडला होता.

"नक्को," मी म्हणाले. "और थोडा बैठो."